पासवर्ड बरोबर, तरीही सर्व्हरचे दार बंद : रिमोट डेस्कटॉपच्या अडचणींची क्रमवार उकल

महिन्याची २० तारीख जवळ येते. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांचे जीएसटीआर-३बी त्या दिवशीपर्यंत दाखल व्हावे लागते. हिशेबाचे सॉफ्टवेअर पणजीतील कार्यालयाच्या सर्व्हरवर असते आणि लेखापाल रात्री म्हापशातील घरून काम करीत असतो. तो रिमोट डेस्कटॉप उघडतो, रोजचाच पासवर्ड टाकतो आणि पडद्यावर उत्तर येते की दिलेली ओळख चालली नाही. तो पुन्हा टाकतो, मग आणखी एकदा, मग रागाने आणखी तीनदा. एव्हाना मूळ दोष बाजूला राहिलेला असतो आणि खाते कुलूपबंद होऊन दुसराच दोष उभा राहिलेला असतो.

गोव्यातील लेखा कार्यालये, पतसंस्था, हॉटेले, जहाज-वाहतूक एजंट, औषध वितरक अशा अनेक ठिकाणी हा प्रसंग परिचयाचा आहे. यातील खरी अडचण अशी की, पडद्यावर दिसणारा संदेश एक असला तरी त्यामागील कारणे दहा असू शकतात. कारण न ओळखता केलेला उपाय पुष्कळदा मूळ दुखणे वाढवतो. म्हणून कोणत्या क्रमाने काय तपासावे, याला येथे उपायाइतकेच महत्त्व आहे.

पासवर्ड तपासला जातो तो कोठे?

रिमोट डेस्कटॉप ही मायक्रोसॉफ्टची यंत्रणा आहे. १९९८ मध्ये आलेल्या विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीपासून ती वापरात आहे. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या संगणकावर दिसतो आणि आपल्या कळफलकावरील व माऊसवरील हालचाली तिकडे पोहोचतात, एवढे तिचे काम. ही देवाणघेवाण सर्वसाधारणपणे ३३८९ क्रमांकाच्या पोर्टमधून होते.

आरंभी सर्व्हर प्रथम आपला लॉगिनचा पडदा दाखवीत असे आणि पासवर्ड तेथे टाकला जाई. विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ च्या काळापासून नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन, म्हणजेच एनएलए, ही पद्धत आली. तिच्यात पडदा दिसण्यापूर्वीच ओळख पटवावी लागते. जुन्या पद्धतीत पाहुणा दिवाणखान्यात येऊन नाव सांगत असे. नव्या पद्धतीत ते फाटकावरच सांगावे लागते. यामुळे सुरक्षा वाढली, हे निर्विवाद. मात्र त्याचबरोबर एक परिणाम असाही झाला की, सर्व्हरच्या आत गेल्यावर सुटू शकणारे काही प्रश्न फाटकावरच अडून राहू लागले. पुढील अनेक अडचणींचे मूळ या बदलात आहे.

आधी अडचण पासवर्डचीच आहे का, हे ठरवावे

संगणक सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नसेल, तर पासवर्ड शंभरदा बदलूनही उपयोग नाही. दूरचा संगणक बंद आहे, नेटवर्कवर उपलब्ध नाही किंवा त्यावर रिमोट डेस्कटॉप चालू केलेले नाही, या अर्थाचा संदेश आला तर दोष इंटरनेट, व्हीपीएन, राऊटर अथवा फायरवॉलचा असतो. पासवर्ड विचारणारी चौकट उघडते म्हणून जोडणी झाली, असेही समजू नये. कारण ही चौकट सर्व्हरशी संपर्क होण्याआधी आपल्याच संगणकाकडूनही दाखवली जाऊ शकते. ओळख नाकारल्याचा स्पष्ट संदेश आला, तरच पासवर्डच्या दिशेने शोध घ्यावा.

परवाना सर्व्हर उपलब्ध नाही किंवा जोडण्यांची संख्या पूर्ण झाली आहे, हे संदेशही पासवर्डशी संबंधित नाहीत. विंडोज सर्व्हरवर स्वतंत्र परवाने न घेता देखभालीसाठी एका वेळी दोनच व्यक्तींना प्रवेश मिळतो. रिमोट डेस्कटॉपची पूर्ण सेवा बसवली तर परवान्यांविना मिळणारी सवलत १२० दिवसांची असते. चार महिने सुरळीत चाललेला सर्व्हर एके सकाळी अचानक सर्वांना नाकारू लागला, तर प्रथम ही मुदत आठवावी.

कळफलकाची भाषा

मराठीतून कामकाज करणाऱ्या कार्यालयांत हा दोष विशेष आढळतो. पत्र टंकित करण्यासाठी कळफलक मराठी इनस्क्रिप्टवर केलेला असतो आणि पासवर्ड टाकताना तो परत इंग्रजीवर आणण्याचे राहून जाते. चौकटीत केवळ ठिपके उमटत असल्याने इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी अक्षर गेले, हे कळत नाही. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून कळफलकाची भाषा बदलता येते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात चालू भाषा दिसते. पासवर्ड टाकण्यापूर्वी तिकडे एक नजर टाकण्याची सवय लावून घ्यावी.

भाषा इंग्रजीच असली, तरी अमेरिकी व ब्रिटिश कळफलकांत काही चिन्हांच्या जागा भिन्न आहेत. दुहेरी अवतरणचिन्ह आणि ॲट हे चिन्ह यांची अदलाबदल त्यात सर्वांत प्रसिद्ध. ज्या पासवर्डमध्ये ॲटचे चिन्ह आहे, तो एका संगणकावरून चालतो आणि दुसऱ्यावरून चालत नाही, याचे कारण अनेकदा एवढेच असते. कॅप्स लॉक आणि अंकांसाठीचा नम लॉक यांकडेही लक्ष द्यावे.

पासवर्ड व्हॉट्सॲप किंवा एक्सेलमधून उचलून चिकटवला असेल, तर शेवटी एखादी रिकामी जागा सोबत येते आणि ती पासवर्डचाच भाग मानली जाते. शून्य व ओ, एक व छोटे एल यांचा घोटाळाही होतो. चौकटीत डोळ्याचे चिन्ह असल्यास ते दाबून टाकलेला मजकूर पाहावा. नसल्यास तो एकांतात नोटपॅडमध्ये टंकित करून तपासावा आणि फाईल जतन न करता बंद करावी.

नाव अपुरे असले, तर पासवर्ड निरुपयोगी

अनेकांच्या लक्षात न येणारी बाब अशी की, सर्व्हर पासवर्ड स्वतंत्रपणे तपासत नाही; नाव आणि पासवर्ड यांची जोडी तपासतो. त्यातही ते नाव कोणाच्या यादीत शोधायचे, हे त्याला सांगावे लागते. एकच नाव कार्यालयाच्या डोमेनमध्ये असू शकते, सर्व्हरच्या स्वतःच्या यादीत असू शकते आणि वापरकर्त्याच्या लॅपटॉपवरही असू शकते. तिन्हींचे पासवर्ड वेगळे असतात.

डोमेनचे खाते असल्यास आधी डोमेनचे नाव, मग उलटी तिरपी रेघ आणि मग वापरकर्त्याचे नाव लिहावे. ईमेलसारखे दिसणारे पूर्ण नावही चालते. खाते केवळ त्या सर्व्हरवरचे असेल, तर डोमेनच्या जागी सर्व्हरचे नाव लिहावे. येथे एक सापळा आहे. लॉगिनच्या पडद्यावर संगणकाच्या नावाऐवजी नुसता बिंदू लिहिण्याची पद्धत प्रशासकांना ठाऊक असते. बिंदूचा अर्थ ‘हाच संगणक’. परंतु आपल्या संगणकावरील चौकटीत बिंदू लिहिला, तर ‘हाच संगणक’ म्हणजे कोणता, याविषयी गोंधळ होऊ शकतो. म्हणून सर्व्हरचे नाव स्पष्ट लिहिणे श्रेयस्कर.

नेमके नाव कोणते, याबद्दल शंका असेल आणि सर्व्हरसमोर कोणी बसलेले असेल, तर त्या खात्यातून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘हू ॲम आय’ हा आदेश सलग एका शब्दात टंकित करण्यास सांगावे. यादीचे नाव आणि खात्याचे नाव दोन्ही एका ओळीत मिळतात. तेच जसेच्या तसे वापरावे.

पिन म्हणजे पासवर्ड नव्हे

विंडोज १० आणि ११ वर चार किंवा सहा अंकी पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून संगणक उघडण्याची सवय आता सर्वत्र झाली आहे. ही सोय त्या विशिष्ट यंत्रापुरती बांधलेली असते. तो पिन रिमोट डेस्कटॉपच्या पासवर्ड-चौकटीत टाकून उपयोग होत नाही. अनेकांना आपला खरा पासवर्ड कोणता, हे वर्षभर न वापरल्याने आठवतही नाही.

दूरच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट खाते वापरात असेल, तर त्याच खात्याचा ईमेल आणि त्याचाच पासवर्ड लागतो. त्या संगणकावर आरंभापासून केवळ पिननेच प्रवेश होत आला असेल, तर एकदा तेथे प्रत्यक्ष बसून पासवर्डने लॉगिन करून घ्यावे. त्यानंतर दुरून प्रवेश मिळण्याची अडचण सहसा दूर होते.

याउलट काही छोट्या कार्यालयांत खात्याला पासवर्डच नसतो. अशा खात्याला विंडोज मूळ मांडणीनुसार दुरून प्रवेश देत नाही. समोर बसूनच देते. हे धोरण शिथिल करण्याचा मार्ग आहे, पण तो अवलंबू नये. खात्याला पासवर्ड द्यावा, हाच त्यावरील उपाय.

संगणकाने लक्षात ठेवलेला जुना पासवर्ड

पासवर्ड नुकताच बदलला आहे, नवा बरोबर आठवतो आहे, तरी प्रवेश मिळत नाही, अशी तक्रार असेल तर पहिला संशय साठवलेल्या ओळखीवर घ्यावा. ‘मला लक्षात ठेवा’ या खुणेमुळे विंडोज पासवर्ड आपल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ठेवते आणि वापरकर्त्याला न विचारता तोच जुना पासवर्ड पुढे करीत राहते.

कंट्रोल पॅनेलमधील क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून विंडोज क्रेडेन्शियल्स या भागात जावे. रिमोट डेस्कटॉपच्या नोंदी ‘टर्म-एसआरव्ही’ या अक्षरांनी सुरू होतात आणि त्यापुढे सर्व्हरचे नाव किंवा आयपी पत्ता असतो. संबंधित नोंद काढून टाकावी आणि पुन्हा जोडणी करावी. एकच सर्व्हर कधी नावाने, कधी पत्त्याने उघडला जात असेल तर दोन नोंदी सापडतील, दोन्ही काढाव्यात. डेस्कटॉपवर ठेवलेल्या जोडणीच्या फाईलमध्ये जुने वापरकर्ता-नाव राहिलेले असू शकते. तीही एकदा संपादन करून पाहावी.

कार्यालयाने रिमोट डेस्कटॉप गेटवे बसवला असेल, तर ओळख दोनदा द्यावी लागते. एक गेटवेला आणि एक सर्व्हरला. दोन्हींसाठी एकच ओळख वापरण्याची खूण केलेली असेल आणि प्रत्यक्षात खाती वेगळी असतील, तर दुसऱ्या दारात नकार मिळतो. अशा वेळी ती खूण काढून दोन्ही ठिकाणी स्वतंत्र नाव-पासवर्ड द्यावा.

मुदत संपलेला पासवर्ड

विंडोज डोमेनच्या मूळ मांडणीत पासवर्डचे कमाल आयुष्य ४२ दिवसांचे असते. संस्था ते आपल्या धोरणानुसार कमी-अधिक करतात. कार्यालयात बसणाऱ्याला मुदतीपूर्वी सूचना दिसते आणि तो पासवर्ड बदलतो. घरून काम करणारा मात्र ती सूचना पाहतोच असे नाही. मुदत उलटली की एनएलएमुळे त्याला फाटकावरच थांबवले जाते. पासवर्ड बदलण्यासाठी आत जावे लागते आणि आत जाण्यासाठी पासवर्ड बदललेला असावा लागतो, असा हा पेच आहे. नवीन कर्मचाऱ्याचे खाते उघडताना ‘पहिल्या लॉगिनच्या वेळी पासवर्ड बदलावा’ ही खूण तशीच ठेवली, तर त्याचीही हीच गत होते.

यातून मार्ग तीन. पहिला, कार्यालयातील डोमेनला जोडलेल्या संगणकासमोर बसून पासवर्ड बदलणे. दुसरा, रिमोट डेस्कटॉपचे वेब-पृष्ठ चालू असेल तर प्रशासकाने त्यावर मुदत संपलेला पासवर्ड बदलण्याची सोय सुरू करून देणे. तिसरा, प्रशासकाने नवा पासवर्ड देणे आणि देताना पहिल्या लॉगिनची ती खूण काढून टाकणे. एनएलए बंद करणे हा चौथा मार्ग अनेक जण सुचवतात. तो सोपा आहे, परंतु फाटकावरचा पहारेकरी कायमचा घरी पाठवण्यासारखा आहे.

पेच उद्भवू न देणे अधिक सोपे. मुदत संपण्यापूर्वी रिमोट डेस्कटॉपमध्ये असतानाच कंट्रोल, ऑल्ट आणि एंड या कळा एकत्र दाबाव्यात. एंडच्या जागी डिलीट दाबल्यास आपल्याच संगणकाचा पडदा उघडतो. एंड दाबल्यास सर्व्हरचा. तेथे पासवर्ड बदलण्याचा पर्याय मिळतो. डोमेनला जोडलेला लॅपटॉप घरी असेल, तर पासवर्ड बदलल्यानंतर सर्व्हरवर नवा आणि लॅपटॉपवर जुना अशी दुहेरी स्थिती काही काळ राहते. व्हीपीएनने कार्यालयाशी जोडून लॅपटॉप एकदा कुलूपबंद करून नव्या पासवर्डने उघडला की दोन्ही एक होतात.

कुलूपबंद झालेले खाते

ठराविक वेळा चुकीचा पासवर्ड टाकला गेला की खाते काही काळ बंद होते. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्या मांडणीत १० चुकीच्या प्रयत्नांनंतर १० मिनिटांचे कुलूप ही मूळ सेटिंग आहे. डोमेनमध्ये ही मर्यादा प्रशासक ठरवतो. कुलूप असताना बरोबर पासवर्ड टाकूनही प्रवेश मिळत नाही. म्हणून दोन-तीन प्रयत्न फसल्यावर थांबणे आणि कारण शोधणे हाच शहाणपणा.

खाते वारंवार कुलूपबंद होत असेल आणि वापरकर्त्याने एकदाही चूक केलेली नसेल, तर कोठेतरी जुना पासवर्ड जिवंत आहे, असे समजावे. पावसाळ्यात वीज गेली, जोडणी तुटली आणि वापरकर्त्याने पुन्हा लॉगिन करून काम पुढे नेले, तरी दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवर त्याचे अर्धवट सत्र उघडेच राहिलेले असते. त्यानंतर पासवर्ड बदलला की ते सत्र आणि त्यातील कार्यक्रम जुन्या पासवर्डनेच दार ठोठावत राहतात. वेळापत्रकानुसार चालणारी बॅकअपची कामे, एखाद्याच्या नावाने चालणाऱ्या सेवा, जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह आणि मोबाईलमधील कार्यालयीन ईमेल हीदेखील अशीच ठिकाणे. पासवर्ड बदलण्यापूर्वी सर्व सत्रांतून साइन आऊट करावे. केवळ खिडकी बंद करणे म्हणजे साइन आऊट नव्हे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. सर्व्हरचे ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटला उघडे ठेवले असेल, तर जगभरातील स्वयंचलित यंत्रणा ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, अकाउंट्स अशा नावांनी अहोरात्र पासवर्ड ताडून पाहतात. खाते कुलूपबंद होणे ही अशा वेळी अडचण नसून इशारा असतो. पोर्टचा क्रमांक बदलल्याने हा मारा काहीसा कमी होतो, थांबत नाही. सर्व्हर व्हीपीएनच्या किंवा गेटवेच्या आड नेणे आणि द्विस्तरीय पडताळणी लावणे, हाच त्यावरील उपाय.

ओळख पटते, परवानगी नसते

खात्याला दुरून लॉगिन करण्याचा अधिकार नाही, असा संदेश आला तर पासवर्ड बरोबर आहे, ही त्यातील चांगली बातमी. प्रशासकाने ते खाते सर्व्हरवरील रिमोट डेस्कटॉप युजर्स या गटात घालावे. गटात असूनही नकार मिळत असेल, तर रिमोट डेस्कटॉपद्वारे लॉगिन करण्यास परवानगी देणारे व नाकारणारे अशी दोन सुरक्षा-धोरणे तपासावीत. दोन्हींत नाव असल्यास नकार वरचढ ठरतो.

संदेशात क्रेडएसएसपी हे नाव दिसले, तर दोष पासवर्डचा नाही. या घटकातील एक सुरक्षा-त्रुटी मार्च २०१८ मध्ये दुरुस्त झाली आणि मे २०१८ च्या अद्ययावतीकरणानंतर दुरुस्त संगणक दुरुस्त नसलेल्या सर्व्हरशी जोडणी नाकारू लागले. उपाय एकच : दोन्ही बाजूंचे विंडोज अद्ययावत करणे. नोंदणी-फाईलमध्ये बदल करून ही तपासणी सैल करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो फार तर अद्ययावतीकरण पार पडेपर्यंतच्या काही मिनिटांपुरता आहे.

घड्याळाकडेही पाहावे. डोमेनमध्ये वापरली जाणारी कर्बेरॉस पद्धत दोन संगणकांच्या घड्याळांत मूळ मांडणीनुसार ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो.

सर्व्हरची नोंदवही वाचावी

वापरकर्त्याला दिसणारा संदेश हेतुपुरस्सर मोघम ठेवलेला असतो. नाव चुकले की पासवर्ड, हे घुसखोराला कळू नये म्हणून. प्रशासकाला मात्र खरे कारण सर्व्हरवरील इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी विभागात मिळते. यशस्वी लॉगिनची नोंद ४६२४ क्रमांकाची, फसलेल्याची ४६२५ आणि खाते कुलूपबंद झाल्याची ४७४० क्रमांकाची. डोमेनमध्ये ४७४० ची नोंद डोमेन कंट्रोलरवर पाहावी. हा प्रयत्न कोणत्या संगणकावरून झाला, त्याचे नाव तिच्यात असते.

४६२५ च्या नोंदीतील सब-स्टेटस हा संकेतांक सर्वांत बोलका. त्याच्या शेवटी ६४ असल्यास त्या नावाचे खातेच नाही. ६ए असल्यास नाव बरोबर, पासवर्ड चूक. ७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपली. ७२ म्हणजे खाते निष्क्रिय केलेले आहे. १९३ म्हणजे खात्याचीच मुदत संपली. २२४ म्हणजे पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलणे बंधनकारक आहे. २३४ म्हणजे खाते कुलूपबंद आहे. एवढे सात संकेत भिंतीवर लावून ठेवले, तरी तासाभराचा तर्क पाच मिनिटांवर येतो. एनएलए चालू असताना फसलेला प्रयत्न लॉगिन-प्रकार ३ म्हणून नोंदला जातो, १० म्हणून नव्हे. त्यामुळे केवळ प्रकार १० च्या नोंदी शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही.

क्लाउडवरील सर्व्हर

भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचे नियम थोडे निराळे. ॲमेझॉनच्या सेवेत नव्या विंडोज सर्व्हरचा आरंभीचा पासवर्ड आपण ठरवत नाही. तो आपोआप तयार होतो आणि सर्व्हर उभारताना घेतलेल्या की-फाईलने उलगडावा लागतो. सर्व्हर सुरू झाल्यावर तो उपलब्ध होण्यास काही मिनिटे लागतात. किमान चार मिनिटे थांबावे. ती की-फाईल हरवली, तर प्रकरण बरेच किचकट होते. मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेत ॲडमिनिस्ट्रेटर किंवा ॲडमिन अशी सर्वपरिचित नावे प्रशासक-खात्यास देताच येत नाहीत. म्हणून सवयीने ॲडमिनिस्ट्रेटर लिहिणाऱ्याला नकारच मिळतो. उभारणीच्या वेळी दिलेले नाव पाहावे. तेथे पासवर्ड नव्याने देण्याची सोय पोर्टलवरच आहे.

पासवर्ड नव्याने देताना

सर्व उपाय थकले, तर प्रशासक पासवर्ड नव्याने देऊ शकतो. सर्व्हरपर्यंत दुरून पोहोचता येत नसल्यास प्रत्यक्ष कन्सोल, आभासी यंत्राची खिडकी किंवा सर्व्हरच्या व्यवस्थापन-कार्डाचा आधार घ्यावा. मात्र स्थानिक खात्याचा पासवर्ड जुना माहीत असताना बदलणे आणि जुना माहीत नसताना नव्याने देणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. दुसऱ्या प्रकारात त्या खात्याने विंडोजच्या सोयीने कूटबद्ध केलेल्या फाईली आणि साठवलेले पासवर्ड कायमचे हातचे जाऊ शकतात. आधी चौकशी करावी, मग हात घालावा.

काही कार्यालयांत स्थानिक प्रशासक-खात्याचा पासवर्ड विंडोज लॅप्स ही यंत्रणा आपोआप बदलत असते. तिची मूळ मुदत ३० दिवसांची आहे. तेथे वहीत लिहून ठेवलेला महिन्यापूर्वीचा पासवर्ड न चालणे, हा दोष नसून यंत्रणा नीट चालल्याचे लक्षण आहे.

घाईत करू नयेत अशा गोष्टी

अंतिम तारखेच्या रात्री माणूस काहीही करण्यास तयार होतो, आणि नेमका तोच क्षण धोक्याचा असतो. शोधयंत्रावर सापडलेल्या ‘मदत क्रमांका’वर फोन करून अनोळखी व्यक्तीला आपल्या संगणकाचा ताबा देऊ नये. प्रशासकाचा पासवर्ड व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये. सर्वांनी एकच खाते वापरण्याची तडजोड करू नये. चूक कोणाची, हे पुढे कधीच कळत नाही आणि एकाच्या चुकीने सर्वांचे दार बंद होते. फायरवॉल बंद करून पाहू नये. फायरवॉलमुळे जोडणी तुटते, पासवर्ड चुकत नाही.

अनोळखी ठिकाणांहून यशस्वी लॉगिनच्या नोंदी आढळल्या, तर तो पासवर्डचा प्रश्न राहत नाही. सर्व्हर नेटवर्कपासून वेगळा करावा, नोंदी पुसू नयेत आणि तज्ज्ञाला बोलवावे. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्या व संस्थांनी ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे, तसेच नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आवश्यक आहे. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

थोडक्यात क्रम

१. संदेश पूर्ण वाचावा आणि त्याचे छायाचित्र घ्यावे. अडचण जोडणीची की ओळखीची, हे त्यावरून ठरते.

२. कळफलकाची भाषा, कॅप्स लॉक आणि नम लॉक पाहावा.

३. वापरकर्त्याचे नाव डोमेन अथवा सर्व्हरच्या नावासह पूर्ण लिहावे.

४. पिन नव्हे, पासवर्डच टाकत आहोत, याची खात्री करावी.

५. साठवलेली जुनी ओळख काढून टाकावी.

६. तीन प्रयत्नांनंतर थांबावे. खाते कुलूपबंद आहे का, मुदत संपली आहे का, हे प्रशासकाला विचारावे.

७. प्रशासकाने ४६२५ ची नोंद व तिचा संकेतांक पाहूनच उपाय करावा.

८. दोन्ही संगणकांची तारीख-वेळ आणि अद्ययावतीकरण तपासावे.

९. नव्याने पासवर्ड देणे हा शेवटचा उपाय मानावा.

या क्रमातील पहिल्या पाच पायऱ्या कोणत्याही वापरकर्त्याला स्वतः करता येतात आणि त्यांना दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. उरलेल्या पायऱ्यांसाठी प्रशासक लागतो. म्हणून प्रत्येक कार्यालयाने किमान दोन व्यक्तींकडे स्वतंत्र प्रशासक-खाती द्यावीत, त्यांचे फोन क्रमांक संगणकाबाहेर कागदावर लिहून ठेवावेत आणि महिन्याच्या १५ तारखेला सर्वांनी एकदा घरून लॉगिन करून पाहण्याचा प्रघात पाडावा. दार उघडत नाही, हे १५ तारखेला कळले तर ती किरकोळ दुरुस्ती ठरते. २० तारखेच्या रात्री कळले तर विलंब-शुल्क भरावे लागते.